चतुर्थीचं घर, नऊ मुलं आणि ठासणीची बंदूक : एक प्रकरण अभ्यास

गोव्यात सत्तरी, सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा या पट्ट्यात काजूची बागायत, कुळागर (नारळ-सुपारीची बाग) किंवा डोंगराच्या कुशीतली भातशेती असलेल्या बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. अशा घरांतली नेहमीची मांडणी एकत्र करून या प्रकरणातलं घर उभं केलं आहे. नात्यांची नावं तेवढी ठेवली आहेत, माणसांची नाहीत.

घर आणि माणसं

वाळपईच्या पुढचं एक गाव, तिथलं मूळ घर. वर्षभर घरात तिघंच: ७१ वर्षांचे थोरले काका, काकू आणि बागायत बघणारा त्यांचा मुलगा, म्हणजे पाहुण्यांचा चुलतदादा. गणपती पाच दिवसांचा. त्या पाच दिवसांत घरात २४ माणसं असतात आणि त्यांत ३ ते १४ वयाची ९ मुलं. पुण्याहून पुतण्या, त्याची बायको, ९ वर्षांचा मुलगा आणि ५ वर्षांची मुलगी. डिचोलीहून आत्या, तिच्या सुना आणि नातवंडं. बेळगावहून आणखी एक कुटुंब. मुलं माजघरात ओळीनं अंथरुणं टाकून झोपतात आणि दिवसभर कुठं असतात ते कुणालाच नीट ठाऊक नसतं.

बंदूक एकनळी, ठासणीची, म्हणजे बंदुकीची दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजानं ठासून भरायची. परवाना काकांच्या नावावर, जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेला. ती चाळीस वर्षं माजघराच्या दारावर दोन खुंट्यांवर आडवी असते. गज नळीखालच्या कड्यांत. दारू प्लास्टिकच्या बाटलीत, पावसाळ्यात सर्दावू नये म्हणून स्वयंपाकघराच्या माळ्यावर, चुलीच्या उबेला. टोप्या (चाप ओढल्यावर घोडा ज्यांवर आपटतो आणि ज्या दारू पेटवतात त्या छोट्या वाट्या) काकांच्या टेबलाच्या खणात, कॅमेऱ्याच्या जुन्या रोलच्या डबीत. शिवाय दादानं माकडांना पिटाळायला घेतलेली छऱ्याची एअरगन आहे. घरात बंदुका किती, या प्रश्नाला उत्तर देताना ती कुणीच मोजत नाही, आणि या प्रकरणातलं पुढचं वळण तिच्यामुळेच आलं.

धोका खुंटीवर नसतो

दारावरची बंदूक तीन प्रौढांच्या घरात फारशी अडचणीची ठरत नाही. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र वेगळे असतात. भिंतींना रंग लागतो. माजघरातलं सामान ओसरीवर आणि ओसरीवरचं खोलीत जातं. माटोळीची लाकडी चौकट वर बांधायला शिडी येते, स्टुलं येतात, आणि नारळ, सुपाऱ्यांचे घोस, रानफळं बांधणारे हात छतापर्यंत पोहोचतात. रंगाला आलेला गडी बंदूक खाली उतरवतो आणि 'तूर्तास' म्हणून खाटेखाली, कोनाड्यात किंवा कपाटामागे उभी करतो. काकांना वाटतं ती दादानं ठेवली, दादाला वाटतं काकांनी. पाहुणे येतात तेव्हा ती जमिनीपासून हातभर उंचीवर असते आणि ती भरलेली आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं.

भरलेली असण्याची शक्यताही याच दिवसांत जास्त. काजूच्या हंगामात, फेब्रुवारी ते मे, बंदूक बागायतीत फिरते. भाद्रपदात भात पोटरीला आलेलं किंवा निसवलेलं असतं आणि रानडुकरं रात्री मळ्यात शिरतात. ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो, म्हणून ती भरूनच ठेवायची सवय पडते. ऐन सणात पिकाची गरज आणि मुलांची गर्दी एकाच घरात येतात. म्हणून काकांना 'बंदूक बंद करून ठेवा' एवढंच सांगणं अपुरं आहे. ते हो म्हणतील आणि दोन वाजता डुकरं आली की कुलूप काढतील.

फोन कुणी करायचा आणि काय विचारायचं

पुतण्यानं फोन चतुर्थीच्या तीन आठवडे आधी केला. हे अंतर महत्त्वाचं आहे: रंगकाम त्यानंतर सुरू होतं, आणि दारात बॅगा ठेवल्यावर हा विषय काढला की तो आरोप वाटतो. फोन त्यानं स्वतः केला, बायकोला करायला लावला नाही. विचारण्याचा हक्क तिलाही आहे, पण सुनेनं विचारलं की गप्पांत तो 'पुण्याच्या सुनेला आपलं घर धोक्याचं वाटतं' असा फिरतो आणि बंदूक बाजूला राहते.

'बंदूक नीट ठेवता ना?' हा प्रश्न निकामी आहे. त्याचं उत्तर कायम 'हो' येतं. पुतण्यानं असं विचारलं:

"काका, यंदा मुलं पाचही दिवस तिथंच राहणार आहेत. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. वाडीच्या बाजूला ती विहीर उघडी आहे, तिला जाळी बसली का? आणि बंदूक आता कुठं असते, भरलेली असते का?"

"दारावर. नेहमीच्या जागी. चाळीस वर्षं तिथंच आहे. तू तिच्याखालीच वाढलास, कधी हात लावलास?"

"नाही लावला. पण तेव्हा तिला तुम्ही आणि आजोबा दोघंच हात लावायचे. आता रंगाला गडी येणार, माटोळी बांधायला चार जण चढणार. ती खाली कुणी उतरवली आणि कुठं ठेवली ते तुम्हांलाही कळणार नाही."

"डुकरं येतात रे रात्रीची."

"तेच बोलायचंय. मी दोन दिवस आधी येतो, आपण बसून ठरवू. कुलूप-साखळी मी घेऊन येतो."

विहीर आणि बंदूक एकाच दमात विचारल्यानं प्रश्न घराच्या तयारीचा झाला, काकांच्या शहाणपणाचा राहिला नाही. वाद घालण्याऐवजी पुतण्यानं काम अंगावर घेतलं. आणि डुकरांचा मुद्दा त्यानं उडवून लावला नाही. या तीन गोष्टींमुळे फोन सहा मिनिटांत संपला. राहिलेला एक प्रश्न त्यानं विचारला नाही: 'घरात आणखी काही आहे का? एअरगन, जुनं पिस्तूल, कुणाची ठेवायला दिलेली बंदूक?'

भरलेली की रिकामी

काडतुसाची बारा बोअर एकनळी किंवा दुनळी असती तर काम सोपं होतं. खटका दाबून बंदूक मोडायची, म्हणजे नळी सांध्यातून खाली वाकवायची, काडतूस काढायचं, नळीतून उजेड दिसतो का बघायचा, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद असते. आत डोकावून काही कळत नाही, आणि कळावं म्हणून तोंडाकडून डोळा लावणं हीच सर्वांत धोक्याची चूक.

खरी तपासणी गजानं होते आणि ती परवानाधारकानंच करायची. आधी टोपी काढायची. घोडा टोपीवर टेकलेला असेल तर बंदूक पडण्याचा धक्काही बार उडवायला पुरतो. अर्ध्या चढवलेल्या घोड्यावरही भरवसा ठेवू नये, कारण जुन्या बंदुकीत त्याची खाच झिजलेली असते. टोपी निघाली की बंदूक उभी धरायची, तोंड वर आणि अंगापासून दूर, माणसं मागे. गज दोन बोटांत सैल धरून नळीत सोडायचा, तळवा तोंडावर येऊ द्यायचा नाही. रिकाम्या नळीत गज तळाशी लोखंडावर आपटतो आणि 'ठण्' वाजतो. भरलेल्या नळीत आवाज मऊ, 'थप्' येतो आणि गज दोन-तीन इंच वरच अडतो. पक्की खूण हवी असेल तर बंदूक नक्की रिकामी असताना गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी त्यावर कानशीनं एक चीर पाडून ठेवावी. पुढं केव्हाही ती चीर तोंडाच्या वर दिसली की आत काही आहे.

या घरात चीर नव्हती. गज अडीच इंच वर राहिला आणि आवाज मऊ आला. बंदूक भरलेली होती, आणि काकांच्या मते ती मिरगाच्या आधीच रिकामी केलेली होती. काका निष्काळजी नव्हते. ठासणीची बंदूक बाहेरून आपण भरलेली आहोत हे सांगत नाही, आणि तीन महिन्यांपूर्वीचं कुणाला आठवत नाही. बंदुकीमुळे होणाऱ्या घरगुती अपघातांत 'ती रिकामी होती' हे वाक्य वारंवार येतं ते याच कारणानं.

रिकामी कशी करायची? घरात, ओसरीवर, मुलांसमोर नाही. टोपी काढून ती परवान्यातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात न्यावी. तिथं गजाला स्क्रू लावून बोळा आणि छर्रे ओढून काढतात. दारू भिजवायला नळीत पाणी ओतण्याची पद्धत आहे, पण भिजलेली दारू वाळली की पुन्हा पेट घेऊ शकते. पाणी हा वेळ काढायचा उपाय. काकांनी दुकानाचा रस्ता धरला आणि हे शहाणपणाचं झालं. टोपी काढली की निम्मं काम होतं, पण निप्पलच्या, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या नळकांडीच्या, भोकात जुन्या टोपीचा मसाला राहिला असेल तर घोडा आपटल्यावर तेवढ्यानंही बार उडू शकतो. 'टोपी नाही म्हणजे काही होत नाही' हे खरं मानू नये.

कुलूप कसलं

पुतण्यानं पुण्याहून बंदुकीचं केबल कुलूप आणलं होतं. ते उपयोगाचं ठरलं नाही. ती केबल काडतुसाच्या बंदुकीच्या उघड्या नळीतून ओवायची असते आणि ठासणीच्या नळीला मागून भोक नसतं. चापावर बसणारं कुलूप बाजारात मिळतं, पण भरलेल्या बंदुकीवर ते बसवू नये: बसवताना चापच दाबला जाऊ शकतो, आणि बसल्यावरही घोडा मोकळाच राहतो.

शेवटी ठरलं ते असं. बंदूक रिकामी झाल्यावर निप्पल पान्यानं काढलं. पावसाळ्यात ते गंजून बसतं, म्हणून आदल्या रात्री त्याला तेल सोडून ठेवलं होतं. जोर करून फिरवलं तर आटे जातात. निप्पल नसेल तर टोपी बसायला जागाच उरत नाही. मग बंदूक पोलादी कपाटात आडवी, चापाच्या कडीतून साखळी ओवून साखळीचं टोक कपाटाच्या आतल्या दांडीला. कपाटाला त्याचं कुलूप, साखळीला दुसरं. कपाट भिंतीला दोन बोल्टांनी आवळलेलं, कारण उचलून नेता येणारं कपाट म्हणजे नुसता डबा. काडतुसाची बंदूक असती तर पुढचा लाकडी तुकडा आणि नळी सुटी करून दस्ता एका खोलीत, नळी दुसरीकडे ठेवता आली असती. तो उपाय बराच चांगला आणि फुकट आहे.

दारूचं वेगळं. चुलीवरच्या माळ्यावर ती राहता कामा नये, हे सांगायला लागू नये पण लागतं. सणात तिथं दिवसरात्र चूल असते आणि खाली नेवऱ्या तळल्या जातात. काळी दारू ठिणगीनं पेटते. घट्ट बंद पत्र्याच्या किंवा लोखंडी डब्यात ती ठेवू नये, पेटली तर डबा फुटून त्याचे तुकडे उडतात. झाकणाच्या डबीत, ती डबी जाड फळ्यांच्या लाकडी पेटीत, पेटीला कुलूप आणि पेटी घराबाहेरच्या कोरड्या खोलीत. फटाके, समईचं तेल, गॅस सिलिंडर यांच्या आसपास नाही. सुमारे ३०० ग्रॅम दारू होती. टोप्यांची डबी तिसऱ्या जागी, काकूंच्या दागिन्यांच्या तिजोरीत. बंदूक, दारू, टोप्या आणि निप्पल एका जागी असतील तर एक कुलूप तुटल्यावर सगळंच हाती येतं.

किल्लीचा प्रश्न कुलपापेक्षा चिवट निघाला. किल्ली कपाटावर, देवघरात, कॅलेंडरमागे ठेवायची सवय असते आणि घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाला या जागा मोठ्यांआधी कळतात. आकड्यांचं कुलूप घेतलं तर आकडे घरातल्या कुणाच्या तरी जन्मतारखेचे निघतात. काका किल्ली कमरेच्या पिशवीत ठेवणार होते. मग पूजेच्या दिवशी सोवळं नेसताना ती पिशवी खुंटीवर जाणार, हे काकूंच्या लक्षात आलं. म्हणून किल्ली जानव्याला बांधली. जुन्या लोकांची ही सवय इथं अगदी चपखल बसते. दादाकडे जादा किल्ली द्यावी अशी सूचना आली होती, ती गळाली. परवाना काकांच्या नावावर आहे आणि दादाचं नाव त्यावर नाही. त्याच्या हाती किल्ली देणं म्हणजे बंदूकच देणं.

रात्रीची डुकरं

तोडगा वाड्यानं, म्हणजे गावातल्या वस्तीनं, काढला. मळा एकट्या काकांचा नव्हता. बांधाला बांध लागून आणखी दोघांची शेतं होती, त्यांतल्या एकाकडे परवाना होता आणि त्याच्या घरी चतुर्थीला लहान मुलं नव्हती. पाच रात्री राखण त्यानं आणि दादानं केली: शेतातल्या मांगरात बॅटरी, पत्र्याचे डबे आणि फटाके घेऊन. काका घरी राहिले. शेतीसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नाही, वन्यजीव कायदा त्यावर वेगळा लागू होतो. त्यामुळे आवाज करून पिटाळणं हे तसंही पहिलं पाऊल असायला हवं.

पाच दिवस बंदूक घराबाहेरच ठेवायची असेल तर परवान्यातल्या बंदूक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ती सुरक्षित ठेवायला देता येईल का हे आधी चौकशी करून ठरवावं, आणि पावती घ्यावी. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात, त्यामुळे बहुतेक परवानाधारकांना हा रस्ता माहीत असतो. काकांना तो पसंत नव्हता. 'पावती घेऊन बंदूक परत मिळवायला फेऱ्या पडतात,' हे त्यांचं म्हणणं उगाच नव्हतं.

मुलांना काय सांगितलं

मुलांना पहिल्याच संध्याकाळी, माटोळीखाली बसवून, काकांनीच सांगितलं. बंदूक किंवा तिच्यासारखं काही दिसलं तर: थांबायचं, हात लावायचा नाही, तिथून निघायचं, पहिल्या भेटणाऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं. सांगणाऱ्याला ओरडा नाही, चुगलखोर म्हणायचं नाही. शेवटचं वाक्य मोठ्यांसाठी आहे. मुलानं 'दादाच्या खोलीत बंदूक आहे' म्हणताच 'तू तिथं गेलासच कशाला?' असं विचारलं की पुढच्या वेळी मूल गप्प राहतं.

पण सांगणं हा शेवटचा पदर. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या २९ गटांत एका खोलीत सोडलं होतं. खणात खरं पण निकामी केलेलं पिस्तूल दडवलेलं. २१ गटांना ते सापडलं, त्यांतल्या १६ गटांत कुणीतरी ते हाताळलं आणि १० गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या मुलांतल्या बहुतेकांना आधी बंदुकीबद्दल काही ना काही शिकवण मिळालेली होती. 'आमच्या मुलाला सांगून ठेवलंय' यावर विसंबू नये ते यासाठी.

वयाचा हिशोबही लोक उलटा करतात. सगळ्यांचं लक्ष तीन वर्षांच्या मुलीवर. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात ३-४ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २५ टक्के, ५-६ वर्षांच्यांपैकी ७० टक्के आणि ७-८ वर्षांच्यांपैकी ९० टक्के मुलं अनेक पिस्तुलांचा चाप दोन बोटांनी ओढू शकली. ठासणीच्या बंदुकीत आधी घोडा चढवावा लागतो आणि त्याची स्प्रिंग कडक असते. पाच वर्षांच्या मुलीला ते बहुधा जमणार नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सहज जमतं, आणि त्याच्याभोवती बघायला जमलेली लहान मुलं असतात. या घरात सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं होतं ते १४ वर्षांच्या बेळगावच्या मुलाकडे, कारण भरायचं कसं हे त्याला ठाऊक होतं.

चतुर्थीत दुसरी एक गंमत होते. मुलांच्या हाती टिकल्यांची पिस्तुलं असतात, पाचही दिवस अंगणात टपटप चालू असते. चाप ओढला की आवाज होतो, सगळे हसतात. खरी बंदूकही घोड्यानं टोपीवरच आपटते. खेळण्यातली पिस्तुलं बंद करा असं सांगणं व्यवहारी नाही. एक नियम मात्र टिकला: खेळण्यातलंही पिस्तूल माणसाकडे रोखायचं नाही, आणि ते अंगणाच्या पायरीच्या आत यायचं नाही. आत दिसलं तर ते खरं समजायचं.

मोठ्यांसाठी एकच नियम होता आणि तो मोडण्याची शक्यता सर्वांत जास्त: जेवणं झाल्यावर, पत्ते मांडल्यावर, 'काका, ती बंदूक दाखवा ना जरा' असं कुणीही म्हणायचं नाही. कुलपातून बाहेर आलेली बंदूक त्या रात्री पुन्हा नीट आत जात नाही.

तिसरा दिवस

दुपारी जेवणानंतर ९ वर्षांचा मुलगा आणि त्याच्याच वयाचा आत्याचा नातू परसात होते. न्हाणीच्या मागे सरपणाच्या माच्यावर दादाची एअरगन गोणपाटाखाली होती, छऱ्यांची डबी शेजारी. नळी मोडून स्प्रिंग चढवायची पद्धत मुलांना कुणी शिकवलेली नव्हती. ती त्यांनी दादाला माकडांवर रोखताना पाहिली होती. नळी अर्धी मोडलेली असताना भांडी घासणारी बाई पाणी टाकायला बाहेर आली आणि तिनं ओरडून आत्याला बोलावलं. कुणाला काही झालं नाही.

काय होऊ शकलं असतं ते दोन प्रकारचं आहे. नळी मोडलेली असताना हात सुटला किंवा चाप दाबला गेला तर ती झटक्यात सरळ होते आणि मध्ये आलेलं बोट चेचतं. आणि छर्रा डोळ्यात जाणं: कातडी फोडायला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी वेगानंही डोळा फुटतो. भारतात ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं समजली जाते. परवाना न लागणं आणि इजा न होणं यांचा काही संबंध नाही.

एअरगनची तपासणी अशी: नळी मोडून मागून उजेडाकडे बघायचं, नळीतून आरपार उजेड दिसत नाही तोवर ती भरलेलीच समजायची. स्प्रिंग चढलेली ठेवून द्यायची नाही. ती त्याच कपाटात, त्याच साखळीत. छऱ्यांची डबी वेगळी. दादा नाराज झाला, पण तासाभरात त्यानंच साखळी लांब करून आणली. त्याच्या लक्षात राहिलं ते बाईचं म्हणणं: 'मी भांडी घासायला उशीर केला असता तर?'

काका ऐकले नसते तर

काही घरांत फोन असा संपत नाही. 'माझ्या घरात काय ठेवायचं ते मी बघतो' असं उत्तर येतं. तिथं भांडण घालून काही मिळत नाही, आणि 'बघू, लक्ष ठेवू' म्हणून मुलांना घेऊन जाणं हा सर्वांत वाईट पर्याय, कारण २४ माणसांच्या घरात लक्ष ठेवणारा कुणीच नसतो. वाळपईत किंवा डिचोलीला आत्याकडे मुक्काम करून पूजेला आणि आरतीला यावं, मुलं पूर्ण वेळ एका ठरलेल्या प्रौढाच्या हाताशी ठेवावीत, जेवून परत जावं. कारण विचारलं तर खरं सांगावं: "काका, बंदूक कुलपात गेली की आम्ही राहायला येतो." सांगून झाल्यावर पुन्हा पुन्हा उगाळू नये. या मुक्कामाचं वाईट वाटणं काकूंपर्यंत पोहोचतं, आणि अनेक घरांत पुढच्या वर्षी कुलूप काकूंच्या मागणीवरून लागतं.

कायद्याची बाजू थोडक्यात

शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. परवाना मागताना शस्त्र कुठं आणि कसं सुरक्षित ठेवणार हे लिहून द्यावं लागतं. परवान्याच्या अटी मोडल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे थोडं वाटत असेल तर पुढचं बघावं: हयगयीनं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद, आणि जीव धोक्यात घालणाऱ्या कृतीसाठी कलम १२५ वेगळं. मुलाचा ताबा असलेल्या माणसानं जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ लागू होऊ शकतं. गोव्यात त्यावर २००३ चा गोवा बाल कायदा आहे. एका चुकीनं परवानाही जातो आणि शेतीचं संरक्षणही. काकांना पटवायला हा मुद्दा कैदेच्या भीतीपेक्षा जास्त उपयोगी पडला.

इजा झालीच तर

आधी बंदूक: तोंड माणसांपासून दूर करून, पुन्हा हात न लावता, मुलांना खोलीबाहेर काढायचं. १०८ ला फोन. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाब, कापड भिजलं तर न काढता वर दुसरं. रुतलेला छर्रा उपसायचा नाही. डोळ्याला इजा असेल तर दाब अजिबात नाही, चोळायचं नाही, धुवायचं नाही. कागदी कप डोळ्यावर टेकवून कडेनं पट्टी लावायची आणि मुलाला बसलेल्या स्थितीत न्यायचं, खायला-प्यायला न देता, कारण भूल द्यावी लागू शकते. गंभीर इजेसाठी बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे ठिकाण, पण सत्तरीच्या आतल्या गावातून तिथं पोहोचायला बराच वेळ जातो. त्यामुळे वाटेतल्या आरोग्य केंद्रात थांबायचं की थेट जायचं ते १०८ वाल्यांना ठरवू द्यावं. पोलिसांना ११२ वर कळवायचं. 'खेळताना काहीतरी लागलं' असं सांगून इस्पितळात खरं लपवलं तर डॉक्टर चुकीची जखम शोधत बसतात.

विसर्जनानंतर

सहाव्या दिवशी पाहुणे निघाले तेव्हा पुतण्यानं आणि काकांनी कपाट उघडून वस्तू मोजल्या: बंदूक, एअरगन, साखळ्या. टोप्या आणि निप्पल काकूंच्या तिजोरीतून, दारूची पेटी बाहेरच्या खोलीतून. निप्पल लावताना काकांनी आट्यांना थोडं ग्रीस लावलं. रिकाम्या नळीत गज तळाशी टेकवून त्यावर कानशीनं चीर पाडायची राहिली होती, ती याच वेळी पाडली. दारावरच्या दोन खुंट्यांपैकी एक काढून टाकली, दुसरीवर आता छत्री असते. परवान्याचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे, तेव्हा दादाचं नाव घालायचं की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

एक गोष्ट उरली ती वाड्याची. चतुर्थीत मुलं एका घरात बसत नाहीत. गणपती बघायला, प्रसाद खायला, फुगड्या बघायला ती प्रत्येक घरी जातात, आणि शेजारच्या दोन घरांतही परवाने आहेत. काकांनी कपाट दाखवायला त्या दोघांना चतुर्थी संपल्यावर बोलावलं. त्यांतल्या एकानं साखळीची किंमत विचारली. दुसऱ्याचा गणपती सात दिवसांचा होता, त्याच्याकडे पुढचे दोन दिवस वाड्यातली मुलं जाणार होती. म्हणून तो निघायच्या आधीच काकांनी त्याला विचारलं: "तुझी भरलेली आहे का रे?" तो म्हणाला, "नाही, रिकामी आहे." काका गज घेऊन त्याच्याबरोबर निघाले.